आचारी, आचार्य आणि आमचे टेस्टर

जुन्या फॉंटांमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, बदलून देणारे एक छोटे मुक्त सॉफ्टवेअर आम्ही तिघे मित्र मिळून पुण्यात तयार करत होतो, आणि त्याची चाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांचा गट कसा उभा राहिला हे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली होते, त्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता येत होता, आणि आम्हा तिघांच्या संगणकांवर ते व्यवस्थित चालत होते. आमची चूक इथेच होती. आम्ही तिघेही प्रोग्रामर होतो, तिघांचे टायपिंग मोबाइलवर आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर झालेले होते, आणि ज्या मजकुरासाठी हे सॉफ्टवेअर हवे होते तो मजकूर टाइप करणाऱ्यांपैकी आमच्यात एकही नव्हता.

ज्या वाचकांना हा प्रश्न ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. देवनागरी अक्षरे संगणकात साठवण्याचे इस्की हे भारतीय मानक १९९१ साली निश्चित झाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, परंतु छपाईच्या व्यवसायात दोन्हींपैकी काहीच लगेच रुजले नाही. फॉंट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले, प्रत्येकाने आपापल्या सोयीने बसवले, आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपी केंद्रांमधून, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या दुकानांतून, वर्षानुवर्षे पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि स्मरणिका याच फॉंटांमध्ये तयार झाल्या. पाने लावण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची म्हणजे ७.० ही आवृत्ती २००१ साली आली, तरी तीवर काम करणारी केंद्रे मी त्यानंतर कित्येक वर्षांनी पाहिली आहेत. हा सगळा मजकूर फाइलमध्ये आहे, पण फॉंट काढून घेतला की उरते ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अगम्य रांग. त्यात शोध घेता येत नाही, तो वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अंधांच्या उपयोगी पडत नाही, आणि तो फॉंट ज्या दिवशी नव्या संगणकावर चालेनासा होईल त्या दिवशी मजकूरही गेल्यात जमा होतो.

आम्ही पहिले आवाहन केले तेव्हा साठहून अधिक लोक व्हॉट्सॲपच्या गटात आले. तीन आठवड्यांत एकही दोष नोंदवला गेला नाही. ‘छान उपक्रम’, ‘खूप शुभेच्छा’ असे संदेश मात्र रोज येत होते. दोष आढळल्यास अमुक ठिकाणी खाते उघडून इंग्रजी अर्ज भरावा, अशी सूचना आम्ही देऊन ठेवली होती, आणि कोणीच काही लिहीत नाही याचा अर्थ सॉफ्टवेअर बरे चालले आहे असा आम्ही लावला होता.

तो समज मोडला एका मुद्रितशोधकांनी. वय सत्तरीच्या पुढचे, पूर्वी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेली, पुढे आयुष्यभर मुद्रिते तपासलेली. ते गटात नव्हतेच. माझ्या एका मित्राच्या वडिलांचे ते स्नेही, आणि मी केवळ नमुना म्हणून एका जुन्या स्मरणिकेची सहा पाने बदलून छापून त्यांच्याकडे नेली होती. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या खोलीत खिडकीपाशी एक उतरते मेज होते. त्यांनी चष्मा बदलला, पानावर लाकडी पट्टी ठेवली आणि एकेक ओळ उघडी करत वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पट्टी थांबली. तिथे संस्थेच्या वार्षिक भोजनाचा खर्च होता आणि ओळ होती, ‘आचार्यांना दिलेले मानधन’. त्यांनी पेन्सिलीने ‘र्या’भोवती गोल केला आणि म्हणाले, “अहो, हे आचार्य नव्हेत, आचारी आहेत. जेवण बनवणाऱ्यांचे पैसे तुम्ही गुरुजींना देऊन टाकलेत.”

मराठीतला हा भेद शाळेत शिकवतात. आचार्य ते आचार्यांना, आचारी ते आचाऱ्यांना. एकात रफार आहे आणि दुसऱ्यात ऱ्य, म्हणजे पापणीसारखा दिसणारा अर्धा र. जुन्या फॉंटमध्ये या अर्ध्या र ला स्वतःचे घर, म्हणजे एका इंग्रजी चिन्हाची जागा, होते. कोणत्या घराचे युनिकोडमध्ये काय करायचे हे सांगणाऱ्या आमच्या तक्त्यात मी ते घर ‘र आणि हलन्त’ असे लिहिले होते, आणि युनिकोडमध्ये र, हलन्त आणि य एकापुढे एक आले की त्यांचा रफारच होतो. चूक एका ओळीची होती. पण ती आम्हा तिघांना दिसली नव्हती, कारण ‘आचार्यांना’ हाही शुद्ध शब्द आहे. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरने त्याखाली लाल रेघ ओढली नसती. ती चूक पकडायला वाक्याचा अर्थ कळणारा आणि प्रत्येक अक्षर पाहण्याची सवय असलेला माणूसच हवा होता. सहा पानांत त्यांनी एकोणीस खुणा केल्या. त्यांतल्या सात खुणा एकाच दोषाच्या होत्या, चार मूळ स्मरणिकेतल्याच चुका होत्या, आणि उरलेल्या आठ आम्हाला पूर्णपणे नव्या होत्या.

त्या संध्याकाळी घरी परतताना मला पहिल्यांदा स्पष्ट झाले की आम्ही टेस्टर चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. आम्हाला संगणकाची आवड असणाऱ्यांपेक्षा मजकुराची नजर असणारे लोक हवे होते, आणि असे लोक पुण्यात पेठापेठांमध्ये बसलेले होते. मुद्रितशोधक, डीटीपी करणाऱ्या स्त्रिया, ग्रंथालयांतले सूचिकार, न्यायालयासमोर टंकलेखन करणारे, निवृत्त शिक्षक. त्यांच्यापर्यंत इंग्रजी अर्ज घेऊन जाणे म्हणजे त्यांना दारातच थांबवणे होते.

मोठे मुक्त प्रकल्प हे कसे करतात ते आम्ही पाहिले होते. फेडोरा या लिनक्स प्रणालीत ठरावीक विषयासाठी ‘टेस्ट डे’ असतात, लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते आणि तिच्या आधी दोष हुडकण्याची सत्रे होतात, डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत अनस्टेबल, टेस्टिंग आणि स्टेबल असे तीन टप्पे असतात, म्हणजे धोका कोणी किती पत्करायचा हे ज्याने त्याने ठरवावे. या गोष्टींतून आम्ही पुष्कळ शिकलो, पण त्यातले काही आमच्याकडे जसेच्या तसे चालले नाही. आम्ही आधी रोज रात्री नवी बिल्ड, म्हणजे वापरायला तयार अशी ताजी प्रत, काढत होतो. कोथरूडमधल्या डीटीपी करणाऱ्या एका ताईंनी सांगितले की सकाळी कालच्यापेक्षा वेगळे वागणारे सॉफ्टवेअर त्यांच्या कामाच्या संगणकावर त्या कधीच ठेवणार नाहीत, कारण ग्राहक समोर बसलेला असतो. त्यानंतर आम्ही दोनच प्रकार ठेवले, एक ‘पक्की’ आणि एक ‘ताजी’. ताजी दर शुक्रवारी येई आणि पक्कीच्या शेजारी बसे, तिला पुसून टाकत नसे. एवढ्या एका बदलानंतर त्या ताई टेस्टर झाल्या.

दोष नोंदवण्याची पद्धतही बदलली. अर्जात तीनच प्रश्न ठेवले, तेही मराठीत: मूळ काय होते, बदलून काय आले, काय यायला हवे होते. सुरुवातीला लोक संगणकाच्या पडद्याचे मोबाइलने काढलेले फोटो पाठवत. फोटोत चूक दिसते, पण त्यामागची मूळ चिन्हे मिळत नाहीत, आणि ती मिळाल्याशिवाय दोष पुन्हा घडवून पाहता येत नाही. लोकांना वारंवार ‘असे नको, तसे पाठवा’ म्हणण्याऐवजी आम्ही सॉफ्टवेअरमध्येच एक बटण दिले. चुकलेला शब्द निवडून ते दाबले की आवृत्तीचा क्रमांक, फॉंटचे नाव, मूळ चिन्हे आणि बदललेला शब्द असे सगळे एकत्र कॉपी होते; मग ते व्हॉट्सॲपवर टाका, ईमेल करा, काहीही करा. तिथून ते नोंदवहीत चढवण्याचे काम आमचे. टेस्टरने आमची शिस्त शिकावी, ही अपेक्षा आम्ही सोडून दिली, आणि माझे आजही मत आहे की स्वयंसेवकाचा अर्धा तास वाचवण्यासाठी प्रोग्रामरचे दोन दिवस गेले तरी ते योग्यच असतात.

पहिला चाचणीदिन मात्र फसला, आणि तो आमच्या अज्ञानामुळे फसला. आम्ही भाद्रपदातला रविवार धरला. गणेशोत्सवाच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी पोहोचणे कठीण, हा भाग निराळाच. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते दिवस दिवाळी अंकांच्या अक्षरजुळणीचे. आम्हाला ज्यांची सर्वांत जास्त गरज होती ते लोक त्या महिन्यात रात्री अकरापर्यंत पाने लावत होते. चौघे आले, त्यांतले दोघे आमच्याच घरचे. पुढचा चाचणीदिन आम्ही दिवाळीनंतर, मार्गशीर्षातल्या एका शनिवारी दुपारी, नारायण पेठेतल्या एका वाचनालयाच्या खोलीत ठेवला आणि अकरा जण आले. प्रत्येकाने आपापला जुना मजकूर आणला होता: कोणाकडे पेन ड्राइव्ह, कोणाकडे सीडी, एका निवृत्त शिक्षकांकडे शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाची फाइल.

त्या दिवशी आम्ही माणसे जोडीने बसवली, अक्षराची जाण असलेला एक आणि संगणकाची जाण असलेला एक. मला हे अतिशय उपयोगी वाटले. पहिल्या तासाभरातच शिक्षकांना ‘स्थिती’ हा शब्द ‘सि्थती’ असा झालेला दिसला. जुन्या फॉंटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशीच, म्हणजे जोडाक्षराच्या आधी, साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती संपूर्ण जोडाक्षरानंतर येते. आमचा प्रोग्राम वेलांटीला एकच घर ओलांडायला लावत होता, त्यामुळे ती अर्ध्या स वर जाऊन अडकत होती आणि थ मागे राहत होता. साध्या शब्दांत हे कळत नाही. शिक्षकांच्या जोडीला बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने त्यांना विचारले, “सर, असे अजून कोणते शब्द असतील?” आणि त्यांनी कागदावर भराभर लिहायला सुरुवात केली: निश्चित, व्यक्तिमत्त्व, शक्तिमान, अस्मिता, वस्तुस्थिती. तो कागद अजून माझ्याकडे आहे. आमच्यातल्या एकाने तिथेच बसून दुरुस्ती केली, वीसेक मिनिटांत नवी बिल्ड तयार झाली आणि शिक्षकांच्या पेन ड्राइव्हवर गेली. त्यांनी तीच फाइल पुन्हा बदलून पाहिली, ‘स्थिती’ जागेवर आल्याचे पाहिले, आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “आता पुढचे प्रकरण लावा.”

त्या विद्यार्थिनीने पुढे जे केले त्याने गटाला आकार आला. खात्री झालेल्या प्रत्येक दोषातला शब्द आणि त्याचे अपेक्षित रूप ती एका फाइलमध्ये एकेका ओळीत लिहीत गेली, शेजारी नोंदवणाऱ्याचे नाव, आणि कोडमध्ये कोणताही बदल झाला की ती सगळी फाइल आपोआप तपासली जाईल अशी व्यवस्था तिने केली. एकदा दुरुस्त झालेला दोष परत आला तर लगेच कळते, हा त्याचा तांत्रिक फायदा. दुसरा फायदा आमच्या नंतर लक्षात आला. टेस्टर विचारत, “माझी ओळ अजून पास होते ना?” शब्दावर त्यांचे नाव होते आणि त्याची राखण रोज होत होती.

आता ज्या प्रसंगाने मी सर्वांत जास्त शिकलो तो सांगतो. मुद्रितशोधक काका दर आठवड्याला नोंदी देत होते. ते कागदावर लिहीत आणि त्यांचा नातू त्या पाठवी. त्यांतली एक नोंद मी तपासली, मूळ मजकुरातच तो शब्द तसा होता, म्हणून नोंदवहीतल्या तयार पर्यायांपैकी ‘अवैध’ हा शेरा निवडून ती बंद केली आणि पुढच्या कामाला लागलो. सॉफ्टवेअरच्या जगात हा शेरा रोजचा आहे. बगझिलासारख्या, दोष नोंदवण्याच्या संगणकी नोंदवह्यांत तो पहिल्यापासून आहे आणि आम्ही त्याचे फक्त मराठी केले होते. पुढच्या आठवड्यात त्यांची नोंद आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि निघताना शांतपणे म्हणाले, “पंचेचाळीस वर्षे मी खुणा केल्या. लेखकांनी कधी मानल्या, कधी नाही मानल्या. पण अवैध कोणी म्हटले नव्हते.”

मी तिथेच त्यांची क्षमा मागितली, कारण दुखावण्याचा हेतू नव्हता म्हणून दुखापत कमी होत नाही. त्याच रात्री आम्ही सगळे शेरे नव्याने लिहिले. ‘अवैध’च्या जागी ‘मूळ मजकुरातच असे आहे’ आले, ‘डुप्लिकेट’च्या जागी ‘हीच चूक आधीही कळली आहे, दुजोऱ्याबद्दल आभार’ आले, आणि ‘दुरुस्त करणार नाही’ हा शेरा कारण लिहिल्याशिवाय निवडताच येणार नाही असे केले. आणखी एक नियम केला की कोणतीही नोंद आली की दोन दिवसांच्या आत माणसाने लिहिलेले उत्तर जाईल, आणि त्यात आम्ही ती चूक स्वतः करून पाहिली का, पाहिली तर काय दिसले, हे असेल. दुरुस्तीला महिना लागला तरी चालेल, पण उत्तराला नाही. हा नियम पाळणे हे कोड लिहिण्याहून कष्टाचे निघाले. रोज रात्री जेवणानंतरचा तासभर माझा त्यातच जाई, आणि काही आठवडे असे गेले की मी एक ओळही प्रोग्राम लिहिला नाही, फक्त उत्तरे लिहिली. तरीही गट टिकला तो त्या तासामुळे, याबद्दल मला शंका नाही. सहा महिन्यांनी नियमित नोंद देणाऱ्यांची यादी पाहिली तेव्हा त्यांतले जवळजवळ सगळे असे होते ज्यांच्या पहिल्याच नोंदीला लवकर उत्तर गेले होते. ज्यांना पहिल्या वेळी आठवडाभर थांबावे लागले ते बहुतेक दुसऱ्यांदा आलेच नव्हते. काका तीन आठवड्यांनी परत आले. आले ते एका नोंदीसह, काहीही न बोलता.

ग्रंथालयात सूची करणाऱ्या ताईंची नोंद अशीच उत्तराच्या देवाणघेवाणीतून उलगडली. आचाऱ्यांचा दोष दुरुस्त करताना आम्ही र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, असे लिहिले होते. पडद्यावर ऱ्य अगदी बरोबर दिसत होते. ताईंनी कळवले की जुन्या अंकांच्या अनुक्रमणिकेत ‘दऱ्या’ हा शब्द डोळ्यांना दिसतो पण शोध घेतला तर एकही निकाल येत नाही. आम्हाला आधी वाटले त्यांच्या संगणकाचा काही प्रश्न असेल. मी तसे लिहिणारही होतो, पण नियमाप्रमाणे आधी स्वतः करून पाहिले आणि माझ्याकडेही तेच झाले. इन्स्क्रिप्टवर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, आणि शोधाच्या चौकटीत ताई ऱ आणि हलन्त टाइप करत होत्या. आमच्या मजकुरात साधा र होता. दोन्ही दिसायला एक, आतून वेगळे. आम्ही सगळीकडे ऱ आणि हलन्त हीच पद्धत घेतली. हा दोष केवळ मजकूर पाहणाऱ्याला कधीच सापडला नसता. तो मजकूर वापरणाऱ्याला सापडला.

विद्यार्थ्यांबद्दलही लिहायला हवे. एका महाविद्यालयातून तीसेक विद्यार्थी एकदम आले, प्रमाणपत्र मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती आणि आम्हीही ते कबूल केले होते. दोन दिवसांत शेकडो नोंदी आल्या, बहुतेक एकमेकींच्या नकला. त्या निस्तरण्यात जुन्या टेस्टरांची उत्तरे लांबली, आणि हे मला फार लागले. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. आम्ही संख्या मागितली होती, त्यांनी संख्या दिली. नंतर आम्ही प्रमाणपत्र ठेवले, पण ते नोंदींसाठी नव्हे तर दुसऱ्यांच्या नोंदी पुन्हा घडवून पाहण्यासाठी आणि त्यांना उत्तर लिहिण्यासाठी. तीसपैकी पाच राहिले, आणि ते पाच आज माझ्याहून चांगली उत्तरे लिहितात.

एक चूक अशी होती जिच्याबद्दल मला अजूनही संकोच वाटतो. आम्ही लोकांकडे सरसकट पूर्ण फाइली मागत होतो. टंकलेखन करणाऱ्या एका गृहस्थांनी विश्वासाने पाठवलेल्या फाइलमध्ये कोणाच्या तरी मृत्युपत्राचा मसुदा निघाला, नावे आणि मिळकतीच्या तपशिलासह. ती फाइल आम्ही गटात उघडी ठेवली नव्हती, परंतु तिघांच्या संगणकांवर ती पोहोचली होती. आम्ही ती पुसली, त्यांना फोन करून सांगितले, आणि त्या दिवसापासून पूर्ण फाइल घेणे बंद केले. चुकलेली ओळ तेवढी घ्यायची आणि तीतही नाव असेल तर बदलून घ्यायचे, हा नियम चाचणीच्या सूचनांमध्ये आता पहिल्या क्रमांकावर आहे.

पैशाचा प्रश्नही गटात निघाला, आणि तो निघणे योग्यच होते. डीटीपीचे काम पानाच्या दराने चालते. तिथे काम करणाऱ्याचा एक तास मागणे म्हणजे त्याच्या कमाईतली काही पाने मागणे. तेव्हापासून आम्ही त्यांना वेगळा वेळ मागत नाही. त्यांच्याकडे जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे काम आले की ते आमचे सॉफ्टवेअर वापरतात, पुन्हा टाइप करण्याचे श्रम वाचतात, आणि वाटेत दिसलेल्या चुका बटण दाबून कळवतात. ज्यांना वेळ देता येतो, म्हणजे निवृत्त मंडळी आणि विद्यार्थी, त्यांच्यासाठी चाचणीदिन आहेत.

सध्या सव्वीस जण नियमित आहेत. चार फॉंटांचे तक्ते पक्के झाले आहेत आणि पाचव्यावर काम चालू आहे. त्यात रफार आणि अनुस्वार मिळून एकच घर आहे, त्यामुळे ‘सर्वांत’सारखे शब्द अजून फुटतात. गेल्या शनिवारी रात्री सांगलीहून एका नव्या टेस्टरची पहिली नोंद आली, ती या फॉंटचीच. मी उत्तर लिहायला बसलो तेव्हा ग्रंथालयातल्या ताईंचे उत्तर आधीच गेलेले होते. त्यांनी तो शब्द स्वतः बदलून पाहिला होता, आणखी तीन शब्द शोधून जोडले होते, आणि खाली विचारले होते की मूळ पुस्तक कोणत्या छापखान्याचे आहे, कारण त्या छापखान्याच्या आणखी दोन फाइली त्यांच्याकडे आहेत.